साखळी ते मडगाव, एकतीस दगडांसोबत

डिसेंबरात मामांच्या गोव्यातल्या साखळीच्या घरातले खनिजांचे दगड मडगावच्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात पोचवून आलो. होंडा, उसगाव, फोंडा, बोरीचा पूल असा दीड तासाचा रस्ता. खरा वेळ लागला तो आदल्या दोन दिवसांत, मामांच्या ओसरीवर.

मामा आयुष्यभर खाणींवर नमुने गोळा करायच्या कामाला होते. मी एकेक दगड हातात द्यायचो आणि ते कौलाच्या तुकड्यावर घासायचे. लाल रेघ उठली तर हेमेटाइट, पिवळट तपकिरी उठली तर गोएथाइट, दोन्ही लोखंडाचीच खनिजं. रिवणच्या मँगनीजला घासायचीही गरज नव्हती, बोटं आधीच काळी झाली होती. औषधाच्या बाटलीत लोहखनिजाची निळसर झाक असलेली भुकटी होती, खाणीवर तिला ‘ब्लू डस्ट’ म्हणतात. पण ते सगळ्यात जास्त रेंगाळले पिसुर्ल्याच्या एका पट्टेदार तुकड्यावर. लोखंडाचा काळपट थर, गारगोटीचा पांढरा थर, पुन्हा लोखंड. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे तो. मामा म्हणाले, “अरे, हा मिळाला ती बेंच, खाणीतली ती पायरी, आता पाण्याखाली आहे.”

हेच मला लोकांना सांगायचं आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. खंदकांत पाणी भरलं. डिचोलीत २०२४ पासून पुन्हा काम सुरू आहे, पण जुन्या थरांतला माल कधीच बार्जमधून मांडवीवाटे मुरगावला आणि तिथून परदेशी गेला. उरलंय ते खाणीवर काम केलेल्यांच्या शोकेसमध्ये. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि कुठला दगड कुठला हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

म्हणून दगड उचलण्याआधी माणसाला बोलतं करा. गाव, खाण, किती खोलीवर मिळाला, साल, कोणी घेतला, हे सगळं वहीत उतरवा. आठवत नसेल तिथे ‘स्थान अज्ञात’ लिहा. अंदाजाने गाव टाकलं तर पुढच्या अभ्यासकाची फसगत होते. दगडावर नुसती चिठ्ठी चिकटवू नका. दहा वर्षांपूर्वी आमच्याच घरातून एका कार्यालयाला एक पेटी दिली होती. वाळवीने चिठ्ठ्या खाल्ल्या, दगड निनावी झाले आणि शेवटी बागेतल्या वाफ्याची कड झाले. ते आठवलं की अजून जीव तुटतो. दगडाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, सुकल्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला, वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवा. तोच क्रमांक वहीत, आणि वहीची एक प्रत स्वतःकडे.

धुवायचा मोह टाळा. भुकटीचे आणि मँगनीजचे नमुने पाण्याने खराब होतात, मऊ ब्रश पुरे. पायराइटचे चमकते तुकडे वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आपल्या दमट हवेत ते हळूहळू फुटतात. प्रत्येक दगड वेगळा गुंडाळा आणि पेट्या लहान घ्या. लोहखनिजाचं वजन डोळ्यांना कळत नाही, आमची मोठी पेटी दोघांनाही उचलेना. पावसाळ्यात जाऊ नका. नवे नमुने गोळा करायला विनापरवानगी लीजच्या हद्दीत तर मुळीच शिरू नका, जुन्या खंदकांच्या कडा ढासळतात.

संस्था निवडताना मी तीनच गोष्टी विचारल्या: नोंदवही आहे का, ती रोज सांभाळणारं माणूस कोण, आणि बाहेरच्या माणसाला दगड बघायला मिळतील का. पोच लेखी घ्या, क्रमांकांसह.

विभागात नोंद पूर्ण झाल्यावर मी मामांना फोन लावून यादी वाचून दाखवली. सतराव्या क्रमांकाला त्यांनी थांबवलं.

“तो शिरगावचा नव्हे, वेळग्याचा.”

नोंद करणाऱ्या विभागातल्या बाईंनी तिथल्या तिथे ‘शिरगाव’ खोडून ‘वेळगे’ लिहिलं आणि बाजूला तारीख घालून सही केली.