लुडबुड करू द्या त्यांना

मुलांना घरात कसं गुंतवून ठेवता, काय काय ॲक्टिव्हिटी घेता, हे हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच. ज्यांच्या घरी मूल अजून अगदी लहान आहे ते तर काळजीनेच विचारतात, की आम्ही तर काहीच करून घेत नाही, आमचं मागे नाही ना पडणार. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे मुलं दोन, थोरली पाच वर्षांची आणि धाकटा अडीच वर्षांचा. त्यांच्यासाठी टाइमटेबल लावून, प्रिंटआउट काढून, साहित्य मांडून असं आम्ही क्वचितच काही करतो. त्यांचा सगळ्यात रंगलेला वेळ कुठला म्हणाल तर घरातलं काम चालू असताना मध्ये घुसून केलेली लुडबुड. आणि माझं आता ठाम मत झालंय की दोन ते पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगलं काही शोधत बसायची गरज नाही. आपण त्यांना बाजूला बसवतो, हातात काहीतरी खेळणं देतो, आणि मग तेच मूल तीन-चार वर्षांनी कामाला हात लावत नाही म्हणून तक्रार करतो.

वाळलेल्या कपड्यांचंच घ्या ना. दोरीवरचे कपडे काढून पलंगावर ओतले की दोघं उड्या मारत येतात. धाकट्याकडे मोजे. तो एक मोजा उचलतो, हातात घट्ट धरतो आणि त्याचा जोडीदार शोधायला सगळा ढीग उपसतो. आधी रंगावरूनच जोडायचा, म्हणजे माझा काळा मोठा आणि ताईचा काळा छोटा अशी जोडी लावून मोकळा. हल्ली दोन्ही मोजे पलंगावर शेजारी शेजारी ठेवून टाचेला टाच लावून बघतो, एक लांब निघाला की मान हलवतो आणि परत ढिगात हात घालतो. त्यावेळी त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली असते आणि हाक मारली तरी ऐकू येत नाही. एरवी एका जागी दोन मिनिटं न टिकणारं पोर मोज्यांपाशी किती वेळ बसतं हे बघायला हवं कुणीतरी. थोरलीकडे रुमाल आणि नॅपकिन. कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, हाताने दाबून सुरकुती काढायची, परत घडी. एक घडी घातली की दोन भाग, दोन घातल्या की चार, हे तिला मी शिकवलेलं नाही, तिनेच एकदा घडी उलगडून रेषा मोजल्या आणि बाबा हे बघ म्हणून मला ओढत नेलं. चौकोनी रुमाल तिरपा दुमडला की त्रिकोण होतो हाही तिचाच शोध. हे सगळं वर्कशीटवर पण असतं हो, पण तिथे ते कुणीतरी आधीच छापून ठेवलेलं असतं.

मुलांना मदत करायची हौस मुळातच असते, आपण ती लावायची नसते, यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. मुलं जेमतेम १८ महिन्यांची. त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय आणि त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, तो वाकून हात लांब करतो पण चिमटा काही हाताला येत नाही. कुणी मुलांना सांगितलेलं नाही, शाबासकीही नाही, आणि तरी बरीच मुलं चालत जाऊन चिमटा उचलून त्याच्या हातात देतात. मला यातला पुढचा भाग जास्त आवडतो. तोच माणूस चिमटा मुद्दाम खाली टाकतो तेव्हा मुलं सहसा उचलायला जात नाहीत. म्हणजे वस्तू उचलून द्यायचा नाद म्हणून ती जात नव्हती, समोरच्याला ती वस्तू हवीये आणि त्याला जमत नाहीये हे दीड वर्षाच्या पोराला कळत होतं! नीट बोलताही येत नाही त्या वयात.

याच दोघांचा २००८ चा अजून एक अभ्यास आहे आणि तो प्रत्येक घरात चर्चेला घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं. यात मुलं २० महिन्यांची. मदत केल्यावर काहींना बक्षीस म्हणून वस्तू दिली, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच नाही. मग बक्षीस बंद केल्यावर पाहिलं तर ज्यांना बक्षीस मिळालं होतं त्याच मुलांची मदत कमी झाली. म्हणून आमच्या घरी कामाला स्टार नाहीत, स्टिकर नाहीत, भिंतीवर चार्ट नाही. नातेवाईक प्रेमापोटी म्हणतात की एवढं छान काम करते पोरगी, काहीतरी द्या की तिला, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण मी नाही देत. काम झालं की काय झालं ते सांगतो, म्हणजे "सगळे मोजे जुळले, आता सकाळी शोधाशोध नाही." धाकट्याला तेवढं पुरतं. मान ताठ करून मोज्यांचा गठ्ठा कपाटाकडे घेऊन जातो.

आता पाणी. लहान मुलं आणि पाणी म्हटलं की आपल्याला पुढे पुसायला लागणारी फरशीच दिसते, पण पाणी हे त्यांचं सगळ्यात आवडतं खेळणं आहे आणि ते घरात असतंच. आमच्याकडे झाडांना पाणी घालणं दोघांचं काम. मोठी झारी धाकट्याला पेलत नाही म्हणून त्याला एक छोटा मग दिलाय, तो अर्धाच भरायचा. भरलेला मग दोन्ही हातांनी धरून न सांडता कुंडीपर्यंत जायचं यात त्याचा सगळा जीव गोळा झालेला असतो. सांडतंच थोडं. मग फडकं असतं खाली खुंटीवर, त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर, आणि पुसणं हा त्याच्या दृष्टीने पाणी घालण्याइतकाच मजेचा भाग आहे. थोरलीशी मी कधीकधी एक गंमत करतो. दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं पाणी, मग एकातलं पाणी तिच्यादेखत उंच आणि अरुंद बाटलीत ओतायचं आणि विचारायचं जास्त कुठे आहे. ती दर वेळी बाटलीकडे बोट दाखवते, एकदम खात्रीने. हा ज्यां पियाजे या मानसशास्त्रज्ञांचा प्रसिद्ध प्रयोग, आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं असंच सांगतात कारण त्यांचं लक्ष पाण्याच्या उंचीवरच खिळतं, बाटली अरुंद आहे हे एकाच वेळी धरता येत नाही. मी तिला चूक आहे असं सांगत नाही. बाटलीतलं पाणी परत पेल्यात ओततो, ती बघते, कपाळाला आठ्या घालते आणि म्हणते परत कर. समजेल तिचं तिला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, पाण्याशी लहान मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, बादलीत चार बोटं पाणी असलं तरी नाही, लहान मूल तेवढ्यात बुडू शकतं आणि आवाजही होत नाही. फोन वाजला तर पोराला कडेवर घेऊन उचला नाहीतर वाजू द्या. तसंच कामाच्या नादात हाताला लागणारी बटणं, मणी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिमोटमधले आणि खेळण्यांमधले छोटे चपटे सेल. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह, म्हणजे बालवाडीच, सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत ओतणं, पुसणं, झाडणं, बटणं लावणं याला अभ्यासाइतकंच मोठं स्थान आहे, आणि मुलांच्या उंचीचं फर्निचर, मुलांच्या हातात मावतील अशी खरी साधनं हा त्यांचा आग्रह. खरी हा शब्द महत्त्वाचा. प्लास्टिकचा खेळण्यातला झाडू दिला तर धाकटा दोनदा फिरवून टाकून देतो कारण त्याने कचरा निघतच नाही. खऱ्या झाडूचा दांडा कापून लहान केला, तो मात्र रोज हवा असतो. जमिनीवर चॉकने एक गोल काढायचा आणि कचरा त्यात आणायचा, एवढं केलं तरी अडीच वर्षांच्या मुलाला कुठे थांबायचं ते कळतं. "खोली आवर" म्हटलं तर त्याला काहीच कळत नाही, ते फार मोठं आहे. "सगळे ठोकळे या डब्यात" म्हटलं की लगेच सुरू.

सकाळच्या धांदलीत हे कसं जमवायचं असा प्रश्न येतो, आणि तो बरोबरच आहे. आमच्याकडे युक्ती अशी की कामाचा शेवटचा टप्पा मुलाला द्यायचा. जॅकेटची चेन खालून मी अडकवतो, वर ओढतो तो. शर्टाची बटणं मी लावत येतो, शेवटचं थोरलीचं, आणि ते जमलं की मग शेवटची दोन. बुटाचंही तसंच. सुरुवात मुलाने केली तर मध्येच अडकतं, रडं येतं, आणि मग आपण हिसकावून घेतो. शेवट त्याच्या हातात असला की काम पूर्ण झाल्याचा आनंद रोज मिळतो आणि उशीरही होत नाही. आणि ज्या दिवशी खरंच वेळ नाही त्या दिवशी सरळ सांगायचं, आज मी करतो, संध्याकाळी तू कर. फक्त मग संध्याकाळी आठवणीने करू द्यायचं, पोरं विसरत नाहीत.

दोघं भावंडं एकत्र काम करतात असं वरवर दिसतं पण खरं तर धाकटा ताईच्या शेजारी बसून आपलं आपलं वेगळंच करत असतो आणि मध्येच तिच्याकडे बघून घेतो. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी १९३२ सालीच मुलांच्या खेळाचे प्रकार मांडताना या समांतर खेळाबद्दल लिहून ठेवलंय, त्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या मुलाने वाटून घेऊन, मिळून खेळावं अशी घाई करण्यात अर्थ नाही. आम्ही दोघांना एकच काम देत नाही, एकाच जागी दोन वेगळी कामं देतो. भांडणं निम्म्याने कमी होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली निदान ६० मिनिटं दमवणारी, स्क्रीन एक तासाच्या आतच, आणि झोप १० ते १३ तास असं सांगितलंय. १८० मिनिटं ऐकून छातीत धडकी भरते, पण वाकणं, उचलणं, ओढणं, जिना चढणं-उतरणं, बादली घेऊन इकडून तिकडे जाणं हे सगळं त्यात धरलं तर बराचसा हिशोब घरातच जुळतो. दमवणारा तास मात्र बाहेर पळूनच होतो, त्याला घरकाम पुरत नाही, हेही तितकंच खरं. आणि असा दिवस गेला की रात्री झोपवायला गोष्ट अर्धीसुद्धा लागत नाही.

थोरली आता कधीकधी नाही म्हणायला लागलीये. परवा म्हणाली, मला घड्या नाही घालायच्या, मी चित्र काढतेय. बायको म्हणाली राहू दे तिला, आणि मलाही तेच पटलं, कारण हातातलं चित्र सोडून ऊठ म्हणणं म्हणजे तिचं काम आपल्या कामापेक्षा हलकं ठरवणं. पण तिच्या स्वतःच्या कपड्यांचं काय करायचं हे तिलाच विचारलं. ती म्हणाली, चित्र झालं की फक्त माझे घालीन, दादूचे नाही. दादू म्हणजे आमचा धाकटा. ठीक आहे म्हटलं, तिचे वेगळे काढून ठेवले, आणि दादूचे त्याने स्वतःच गोळा करून कपाटात कोंबले.