डिझायरची सतरा इंची चाकं

२०१० ची डिझेल डिझायर, दारव्ह्याजवळच्या खेड्यातली. आमच्या अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढली तेव्हा चारही बाजूंना सतरा इंची मॅगव्हील (अॅलॉय रिमची चाकं) आणि पुढच्या डाव्या टायरच्या बगलेवर, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधल्या रबराच्या भिंतीवर, लिंबाएवढा फुगा. मे महिना, दुपारची वेळ. तक्रारी तीन होत्या. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. पूर्ण वळवलं की घासल्याचा आवाज येतो. तिसरी मालकाच्याच शब्दांत: "भाऊ, गाडी उंच होईन म्हणून चाकं मोठे केले, तं खाली आदळूनच राह्यली ना!"

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर कागदावर दोन मिनिटांत निघतं, म्हणून आधी तेच केलं. या गाडीचा मूळ टायर १६५/८० आर १४. १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मि.मी. बगलेची उंची. ती वर आणि खाली दोनदा धरायची, त्यात १४ इंच म्हणजे ३५५.६ मि.मी. मिळवायचे. एकूण ६१९.६. बसवलेला टायर २०५/४५ आर १७. बगल ९२ मि.मी., रिम ४३१.८, एकूण ६१६.३. म्हणजे तीन इंच मोठी रिम टाकून चाक तीन मिलिमीटरनं लहान झालं आणि गाडी दीड मिलिमीटर खाली बसली. रिम मोठी झाली तरी रबर तेवढंच कमी झालं. गाडीची उंची टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरते, आणि तीही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच वाढते.

बगल १३२ वरून ९२ वर आली, फुग्याचं कारण तेच. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यावर गड्ड्याच्या कडेला चाक आपटलं की रबर रिमच्या ओठात चिमटतं आणि आतले धागे तुटतात. मग हवा त्या जागी बाहेर ढकलते. याला पंक्चरची पट्टी चालत नाही, टायर बाद. शिवाय बगलेवरचा तारखेचा आकडा ३४१७ होता, म्हणजे २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला माल. जुना सेट घेताना नक्षी खोल दिसली म्हणून घेतला असणार. तो चार आकडी शिक्का बघायची सवय आपल्याकडे अजून नाही. भाराचा आकडा ८४, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. दिसायला रुंद, पण वजन पेलायला मूळच्या टायरपेक्षा कमी.

चाक काढलं तेव्हा खरी गोष्ट समोर आली. मॅगव्हील आठ भोकांचं, दोन मापांच्या गाड्यांना चालणारं. मधलं भोक ७३.१ मि.मी. आणि डिझायरचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ५४.१. मधे प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग लागते, ती बसवलेलीच नव्हती. चाक हबवर न टेकता फक्त नटांवर लटकलेलं, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरनं जरी सरकून बसलं तरी बॅलन्सिंग करून काही उपयोग नाही. ते यंत्रावर शून्य दाखवतं आणि गाडीवर थरथरतं. थरथर तिथून होती.

नट बघितले तर जास्त काळजी वाटली. मारुतीच्या स्टडला, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टला, १२ मि.मी. जाडी आणि १.२५ चा आटा असतो. लावलेले नट १.५ आट्याचे होते. असा नट हातानं दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. तिथं नट आवळायची गन लावली की तो स्टडचा आटा खात पुढे जातो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. डाव्या पुढच्या हबवर दोन स्टडच्या आट्यात चांदीसारखी बारीक कीस अडकलेली होती. ते दोन्ही स्टड हबमधून काढून नवे बसवले. नियम एकच ठेवायचा: नट पाच-सहा फेरे बोटांनी गेला नाही तर पाना लावायचाच नाही.

घासण्याचं कारण रिमच्या मागे कोरलेलं होतं. रुंदी ७ इंच, ऑफसेट ३८. मूळ लोखंडी रिम ५ इंच, ऑफसेट ४५. ऑफसेट म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या पाटीचं अंतर. हिशोब असा: टायरच्या रुंदीचं अर्धं वजा ऑफसेट, ही बाहेरची बाजू. अर्धं अधिक ऑफसेट, ही आतली. मूळ टायर पाटीच्या बाहेर ३७.५ मि.मी. आणि आत १२७.५. नवा बाहेर ६४.५, आत १४०.५. म्हणजे मडगार्डकडे २७ आणि शॉकअपकडे १३ मि.मी. सरकला. पुढच्या मडगार्डचं आतलं प्लास्टिक फाटलं ते यानंच. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती त्या फटीत बसली असती तर चाक फिरायलाच जागा उरली नसती. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवर भार वाढतो आणि गड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं, हे वेगळंच.

मग घ्यायचं काय? मागे बसलेल्या काकाजींचं म्हणणं सरळ होतं, दचके कमी झाले पाह्यजेत. तेवढंच हवं असेल तर त्याच चौदाच्या रिमवर १८५/७० आर १४ बसतो, बाहेरचा व्यास ६१४.६, रिम बदलायचा खर्च शून्य. मालकाला मात्र मॅगव्हील हवंच होतं. त्याला १५ इंची, साडेपाच रुंदीची, ४५ ऑफसेटची रिम आणि १८५/६५ आर १५ टायर दिला. व्यास ६२१.५, मूळच्या दोनच मिलिमीटर जास्त, म्हणून मीटर खोटं बोलत नाही. बगल १२० मि.मी. उरते. भाराचा आकडा ८८, म्हणजे ५६० किलो. टायर दोन्ही बाजूंना दहा-दहा मि.मी.च सरकतो. पुढच्या पिढीच्या डिझायरला वरच्या मॉडेलांत कंपनीनं हेच माप दिलं, आणि तालुक्याच्या गावी ते मिळतं. सतराचा टायर लग्नाच्या आदल्या दिवशी फुटला तर नागपूर गाठावं लागतं. १९५/५५ आर १६ चा व्यासही जमतो (६२०.९), पण बगल १०७. डांबरी रस्त्यावरच फिरणाऱ्याला चालेल, शेतात जाणाऱ्याला मी देत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतले फेरबदल) आणि विमा हे प्रश्न मूळ मापापासून जितकं लांब जाल तितके वाढतात, तेव्हा विमा कंपनीला कळवून नोंद करून घ्या असं सांगितलं.

बसवल्यावर घाई केली नाही. मागच्या सीटवर तीन माणसं, डिक्कीत खताची दोन पोती, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शॉकअप आणि टायरमधे कणकेचा गोळा चिकटवून गाडी आवारातल्या उंचवट्यावरून नेली. गोळा दबला, पण टायर लोखंडाला टेकला नाही. मागे मडगार्डच्या ओठाशी बोट सरळ जात होतं.

आदळण्याचा मूळ आजार चाकात नव्हताच. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत फीत लावली, तर मागची उजवी बाजू डावीपेक्षा ११ मि.मी. खाली. इतक्या वर्षांच्या सेडानमधे मागच्या स्प्रिंगा बसतात, त्यात डिक्कीतून पोती वाहिलेली. दोन्ही स्प्रिंगा जोडीनं बदलल्या, मागचा भाग १८ मि.मी. वर आला. चाकानं जे झालं नसतं ते स्प्रिंगनं झालं, तेही रिमपेक्षा कमी पैशात. नंतर अलाइनमेंट. या गाडीत पुढचा टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) तेवढाच हातात असतो, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) नाही.

नट टॉर्क पान्यानं ८५ न्यूटन-मीटरला, आमनेसामने क्रमानं. शंभर किलोमीटरनंतर परत तपासायला बोलावलं, कारण मॅगव्हीलचा रंग दबला की नट ढिला पडतो. हवा ३२ पीएसआय, सकाळी गाडी चालायच्या आधी मोजायची. उन्हात चालून आलेल्या टायरमधे ३६-३७ दिसलं म्हणून काढायची नाही. स्टेपनी चौदाचीच ठेवली, व्यास जवळजवळ सारखा असल्यानं गावापर्यंत चालते.