सरासरीआड दडलेले पन्नास मायक्रोसेकंद

परळमधील एका रुग्णालयाची सीटी स्कॅनची चित्रे नवी मुंबईतील महापे येथे बसणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञांकडे पाठवणारी जोडणी आमच्या महानगरीय रिंगवरून, म्हणजे शहरभर वर्तुळाकार टाकलेल्या फायबरच्या जाळ्यावरून, जात होती. सेवा १ जीबीपीएसची (सेकंदाला एक अब्ज बिटची) होती आणि ती सुरू करताना घेतलेल्या चाचणीचा अहवाल निर्दोष होता. तरीही रुग्णालयाच्या संगणक विभागप्रमुख मॅडमनी लेखी तक्रार केली की, पूर्वी काही सेकंदांत पोहोचणारा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन आता तीन-चार मिनिटे घेतो. पक्षाघातात उपचारांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा वैद्यकशास्त्राचा अंदाज आहे, त्यामुळे ही तक्रार नेहमीच्या संथ इंटरनेटच्या तक्रारींसारखी नव्हती. जाळ्याच्या कामगिरीचे मापन हे माझे काम असल्याने ती माझ्याकडे सोपवण्यात आली.

पहिला संशय मार्गावर गेला. मुंबईहून नवी मुंबईत फायबर न्यायचे तर ठाण्याची खाडी ओलांडावी लागते आणि त्यासाठी वाशी, ऐरोली असे मोजकेच पूल हाताशी असतात. एका बाजूची केबल खोदकामात तुटली की, डेटाची वाहतूक रिंगच्या दुसऱ्या, लांबच्या बाजूने वळते. त्या आठवड्यात तसे झालेही होते. परंतु काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटरसाठी सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वीस किलोमीटरच्या वळशाने जाण्या-येण्याच्या वेळेत फार तर ०.२ मिलिसेकंदाची भर पडते. सेकंदांची मिनिटे व्हायला एवढे कारण पुरत नव्हते.

रात्री वाहतूक थांबवून आम्ही दोन्ही टोकांना टेस्ट सेट (चाचणीची उपकरणे) लावले आणि आरएफसी २५४४ प्रमाणे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) ६४ पासून १५१८ बाइटपर्यंतच्या फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवल्या. गळती शून्य, क्षमता पूर्ण, जाण्या-येण्याचा विलंब ०.६ मिलिसेकंद. नियंत्रण कक्षातील आलेख तर जोडणी जवळजवळ रिकामी असल्याचे सांगत होता. ‘जाळे निर्दोष आहे, दोष रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये आहे,’ असे उत्तर तयार होते आणि आमच्यापैकी काहींना ते तसेच पाठवायचे होते.

मला ते पटेना, कारण त्या आलेखाचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला होता. सीटीची एक प्रतिमा साधारण अर्ध्या एमबीची, म्हणजे हजार प्रतिमांचा स्कॅन ५०० एमबीचा होतो. आलेखातील प्रत्येक बिंदू पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि ५०० एमबीची पाच मिनिटांवरील सरासरी केवळ १३ एमबीपीएस (सेकंदाला १३ मेगाबिट; एक बाइट म्हणजे आठ बिट) येते, मग तो स्कॅन पाच सेकंदांत पोहोचलेला असो वा चार मिनिटांत. ज्या आलेखाला या दोन अवस्थांमधील फरकच दिसू शकत नाही, तो पुरावा म्हणून पुढे करणे मला अनुचित वाटले.

मॅडमशी बोलताना धागा सापडला. तक्रारीच्या थोडेच आधी त्यांनी नवा सर्व्हर बसवला होता आणि पुढील वाढीचा विचार करून आमच्याकडून घेतलेला १ जीबीपीएसचा पोर्ट (जोडणीचे तोंड) बदलून १० जीबीपीएसचा करून घेतला होता. सेवा मात्र १ जीबीपीएसचीच राहिली आणि ती मर्यादा आमच्या उपकरणातील पोलिसर, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त आलेली माहिती टाकून देणारी यंत्रणा, सांभाळू लागला. आम्ही दोन्ही टोकांना वाहतूक टिपून घेतली आणि वेळेच्या नोंदी मायक्रोसेकंदांत जुळवल्या. सर्व्हर ६४ केबीचा गठ्ठा एका दमात, सुमारे ५० मायक्रोसेकंदांत सोडत होता. पोलिसरला एकाच वेळी १६ केबीपर्यंतचा लोंढा स्वीकारण्याची मुभा दिलेली होती आणि तेवढ्या अवधीत त्यात आणखी जेमतेम साडेसहा केबीची भर पडत होती. पलीकडे पहिली चौदा-पंधरा पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) पोहोचत होती आणि उरलेली पोलिसर टाकून देत होता.

टाकलेली पॅकेटे टीसीपी (माहिती पूर्ण पोहोचल्याची खात्री करणारा संगणकांमधील नियमसंच) पुन्हा पाठवतो, पण गठ्ठ्याचे शेपूटच हरवले तर हानी झाल्याचे त्याला मुदत संपल्यावरच कळते. लिनक्स या संगणक कार्यप्रणालीमध्ये ही किमान मुदत सामान्यतः २०० मिलिसेकंद असते, म्हणजे आमच्या ०.६ मिलिसेकंदाच्या फेरीच्या तीनशेपटींहून अधिक. त्यात प्रतिमा पाठवण्याची ही पद्धत प्रत्येक प्रतिमेची पोच आल्यावरच पुढची प्रतिमा सोडते. प्रतिमेमागे असा एक थांबा धरला, तरी हजार प्रतिमांचे २०० सेकंद होतात. तक्रारीतील तीन-चार मिनिटे इथे तंतोतंत सापडली.

चाचणीत हे का दिसले नाही, याचे उत्तर चाचणीच्या रचनेत आहे. १९९९ सालचा आरएफसी २५४४ मुळात प्रयोगशाळेतील उपकरणांसाठी लिहिलेला आहे आणि चालू जाळ्यावर तो वापरू नये, असे २०१२ च्या आरएफसी ६८१५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. आमचा टेस्ट सेट १ जीबीपीएसच्या वेगाने फ्रेम सोडताना त्यांच्यात सारखे अंतर ठेवत होता, त्यामुळे पोलिसरची मर्यादा एकदाही ओलांडली गेली नाही. नियंत्रण कक्ष पोर्टवरील गळतीचा आकडा पाहत होता आणि तो खरोखरच शून्य होता, कारण पोलिसरने टाकलेल्या पॅकेटांची नोंद वेगळ्या काउंटरवर होते आणि तो कोणी उघडत नव्हते.

उपाय करताना वाद झाला. लोंढ्याची मर्यादा सरसकट वाढवावी, असे काहींचे म्हणणे होते. तसे केल्यास अनेक ग्राहकांचे लोंढे एकत्र येऊन रिंगवरील स्विचच्या बफरवर (पॅकेटांच्या तात्पुरत्या साठ्यावर) भार पडला असता आणि एकाची गळती दुसऱ्याच्या माथी गेली असती. म्हणून या जोडणीची मर्यादा ५१२ केबी केली आणि रुग्णालयाच्या स्विचवर ९५० एमबीपीएसचा शेपर (पॅकेटे टाकून न देता थोपवून ठरल्या वेगाने सोडणारी यंत्रणा) लावण्याची विनंती केली. मॅडमनी त्याच संध्याकाळी तो लावून घेतला. त्यानंतर स्कॅन दहा सेकंदांच्या आत पोहोचू लागला आणि पोलिसरचा काउंटर हलायचा थांबला.

आमच्या स्वीकृती चाचणीत आता आरएफसी ६३४९ प्रमाणे टीसीपीची चाचणी आणि आरएफसी ७६४० मधील लोंढ्यांची चाचणी समाविष्ट झाली आहे. मोठा पोर्ट आणि लहान सेवा अशी जोडी असलेल्या जुन्या जोडण्यांची यादीही मी काढली असून, त्यांचे पोलिसर-काउंटर तपासण्याचे काम रुग्णालये आणि रक्तपेढ्यांपासून सुरू केले आहे.