तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रिका मेव्हण्यानेच पाठवली, मग भीती कसली?

अमळनेरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराई लागली की एक प्रश्न हमखास येतो: "भाऊ, पत्रिका मेव्हणानी धाडेल शे, मंग उघडाले काय हरकत?"

हरकत आहे, आणि मेव्हण्याच्या नंबरवरून आली म्हणून तर जास्तच. अनोळखी नंबरचं काही उघडू नका, असं सगळे सांगतात. पण व्हॉट्सॲपवर पत्रिकेच्या नावाने ठगाचं ॲप धाडायच्या या फसवणुकीत अनोळखी कोणी समोर येतच नाही. मेव्हण्याच्या फोनमध्ये ते ॲप आधीच शिरलेलं असतं. त्याचे एसएमएस ठगाला वाचता आले की व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही वाचता येतो. मग खातं ठगाच्या हाती, आणि पत्रिका सगळ्या सोयऱ्यांना, शिवाय गावच्या ग्रुपवर. खात्री करायची तर साधा फोन लावा. व्हॉट्सॲपवर विचाराल तर "हो, मीच पाठवली" असं ठगच सांगेल.

म्हणून नंबर नको, फाइलचं शेपूट बघा. पत्रिका फोटो असते, नाहीतर पीडीएफ. नावाच्या शेवटी इंग्रजीत ए-पी-के ही अक्षरं असतील तर ते ॲप आहे, मग वर गणपतीचं चित्र असो की पीएम किसानचं नाव. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नि केवायसीच्या नावानेही हेच फिरतं.

ती फाइल दाबली की लगेच काही होत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. व्हॉट्सॲपवरून ॲप बसवायला अँड्रॉइड आधी वेगळी परवानगी मागतो. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही सोय आहे. पुष्कळदा प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधला गूगलचा पहारेकरीही टोकतो. ॲप बसलं की ते एसएमएस वाचू देता का, असं विचारतं. फोन असा जागोजागी अडवतो आणि आपण नवरदेवाचं नाव बघायच्या घाईत होकार दाबत जातो. अहो, पत्रिकेला तुमचे एसएमएस कशाला हवेत? पुढे ॲपचं चिन्हही स्क्रीनवरून गायब होतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर जातो. "मी कोणालाच ओटीपी सांगितला नाही" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो.

ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर याहून वाईट. ती आहे अंध-अपंगांच्या सोयीसाठी, पण ती मिळालेलं ॲप स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

"चांगला अँटिव्हायरस टाकून द्या" म्हणणारेही येतात. टाकून देईन, पैसेही घेईन. होकार देणारं बोट मात्र तुमचंच राहणार.

आणि दाबून झालंच असेल तर आधी माझ्याकडे येऊ नका. डेटा, वायफाय बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर वाटेत गोठवता येतात. फोन लगेच फॉरमॅट करू नका. ती फाइल, तो मेसेज, बँकेचे एसएमएस यांचे दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतील. फॉरमॅट काय, मी संध्याकाळीही करून देईन.