आमची वाटचाल : शेडमधला ग्राइंडर

1996 साली वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये, दोन वेल्डिंग मशीन आणि एक सात इंची ग्राइंडर एवढ्यावर आम्ही पोलादी टाक्या बनवायला सुरुवात केली. वेल्ड घासून सपाट करण्याचे काम आम्ही मीटरच्या दराने देत असू. ज्याचा हात चालतो त्याला चार पैसे जास्त मिळतात, यात मला न्यायच दिसत होता.

एका जानेवारीच्या सकाळी आमचे सर्वांत जुने कारागीर चहाचा पेला दोन्ही तळव्यांत दाबून उभे दिसले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापर्यंत पांढरीफटक होती, जणू तिथे कोणी रेघ मारली होती. ‘‘येतात परत, शेठ, पाव तासात,’’ ते म्हणाले. रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होते आणि शर्टाची बटणे घरच्यांना लावावी लागतात, हे मी खोदून विचारले तेव्हा कळले. वर्षानुवर्षांच्या कंपनाने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा दुखावतात, असे डॉक्टरांनी सांगितले आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात म्हणून तीही बंद करायला लावली.

मी लगेच जाड हातमोजे आणले. त्यांनी हात उबदार राहतात, तेही हवेच. पण ग्राइंडरचे कंपन त्यांनी फारसे अडत नाही. खरा हिशेब वेळेचा निघाला. युरोपातील नियमांत हाताला बसणाऱ्या कंपनाच्या आठ तासांच्या सरासरीने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग (कंपनाच्या तीव्रतेचे एकक) या पातळीला उपाय सुरू करावे लागतात आणि 5 ही कमाल मर्यादा आहे. 7 इतके कंपन देणारा ग्राइंडर प्रत्यक्ष तासभर चालला की पहिली पातळी जवळ येते आणि चार तासांत दुसरी. आमचे कारागीर त्याहून जास्त वेळ बटण दाबून असत, कारण मीटरचा दर मीच लावला होता.

तो दर बंद करून आम्ही रोजंदारी लावली, ग्राइंडिंगची पाळी माणसांत वाटली आणि झिजलेले बेअरिंग किंवा हलणारे व्हील दिसताच मशीन बाजूला ठेवू लागलो. सर्वाधिक फायदा मात्र ग्राइंडरपासून दूर झाला: पत्र्याच्या कडा नीट तयार करून जोड अचूक बसवला की वेल्ड फुगत नाही आणि घासायला थोडेच उरते. ते कारागीर आता जोडणी तपासतात. थंडीत त्यांची बोटे अजूनही पांढरी पडतात. आमचे कोटेशन थोडे वाढले आणि त्यापायी दोन जुनी गिऱ्हाइके गेली.