रंकाळ्यावरनं नार्डरमेरला

लहानपणापासनं रंकाळ्याला फेऱ्या मारल्यात, त्यामुळं तळं दिसलं की पाय आपोआप वळतात. लेकीकडं अ‍ॅमस्टरडॅमला गेलो तेव्हा जवळच्या नार्डरमेर तळ्यावर चालायला गेलो, भुसभुशीत काळी माती, लाकडी फळ्यांची वाट आणि बाजूला डोक्याच्या वर गेलेला बोरू, वाऱ्यानं नुसती सळसळ. एका खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, अगदी आपल्या कोल्हापूरच्या कळंबा तळ्यावर दिसतो तसा! १९०४ मध्ये शहराचा कचरा ह्या तळ्यातच टाकायचं घाटत होतं, पण निसर्गावर जीव असलेल्या लोकांनी १९०५ ला संस्था काढली आणि १९०६ ला अख्खं तळंच विकत घेतलं, लई भारी काम केलं बघा. जलपर्णीनं भरलेली पंचगंगा आठवली आणि पोटात कालवाकालव झाली. लेक म्हणाली, बाबा चला की आता, पण मी आणि थोडा वेळ तिथंच उभा राहिलो.