स्नायूला ढकलता येत नाही

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की गोण्यांनी भरलेली हातगाडी दोन्ही हातांनी रेटत नेणारे हमाल दिवसभर दिसतात. ते गाडी ढकलतात हे उघड आहे. मात्र त्या वेळी त्यांच्या शरीरातील एकही स्नायू ढकलत नसतो, कारण ती क्षमता कोणत्याच स्नायूत नसते. स्नायू आखडतो आणि आपली दोन टोके एकमेकांकडे ओढतो; काम संपल्यावर तो सैल पडतो, पण पुन्हा पुरेसा लांब होण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणीतरी ताणावे लागते. गाडी रेटताना दंडाच्या मागचा ट्रायसेप्स आखडतो. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या मागे आलेल्या हाडाच्या टोकाला जोडलेली असते, आणि ते टोक सांध्याच्या पलीकडे असल्यामुळे ते वर ओढले गेले की कोपर सरळ होऊन तळहात पुढे जातो. व्यायामशाळेत जाणारी तरुण मंडळी आरशासमोर दंडाच्या पुढच्या बेटकुळीचेच कौतुक करतात. रेटण्याचे काम मात्र मागचा स्नायू करतो.

स्नायूच्या या मर्यादेचे कारण त्याच्या सूक्ष्म रचनेत आहे. 1954 साली अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, असे मांडले की स्नायू आखडताना त्यातील तंतू स्वतः आखूड होत नाहीत, तर एकमेकांवरून सरकतात. (दोघा हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते.) मायोसिन या प्रथिनाच्या जाड तंतूंवरील डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या बारीक तंतूंना धरतात, आत ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. हे ओढणे एकाच दिशेचे असते. मला विशेष वाटते ते हे, की एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूची गरज केवळ ओढण्यासाठी नव्हे, तर पकड सोडण्यासाठीही असते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते, कारण एटीपी संपल्यामुळे डोक्यांची पकड सुटत नाही.

ज्याला फक्त ओढता येते, त्याला परत ताणणारा जोडीदार हवा. म्हणून आपल्या सांध्यांभोवती परस्परविरोधी स्नायूंच्या जोड्या आहेत आणि त्यांच्यात समन्वय राखण्याचे बरेचसे काम मज्जारज्जूच्या पातळीवरच उरकले जाते. एकाला आखडण्याचा संदेश जाताना दुसऱ्याचा संदेश आपोआप दाबला जातो. या यंत्रणेचा सखोल अभ्यास करणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टन यांना चेतापेशींच्या कार्यावरील शोधांसाठी 1932 चे नोबेल विभागून मिळाले. तरीही कधी कधी दोन्ही जोडीदारांना एकाच वेळी ओढावे लागते. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वज तोलून चालणाऱ्या मानकऱ्याच्या कमरेचे आणि पायांचे स्नायू पाहावेत. काठी किंचित कलली की स्नायूंमधील ताण मोजणारी संवेदी टोके, आंतरकर्ण आणि डोळे यांच्याकडून खबर जाते आणि तोल सुटण्याआधीच एक बाजू थोडी अधिक ओढू लागते. बाहेरून जो स्थिरपणा दिसतो, तो आतून अखंड चाललेली ओढाताण असते.

पक्ष्यांची अडचण निराळी आहे. पंख खाली मारणारा मोठा स्नायू छातीवर असणे स्वाभाविक, पण पंख वर उचलणारा प्रमुख स्नायू पाठीवर ठेवला तर उडताना वजन वर जाऊन तोल बिघडेल. प्रत्यक्षात तोही छातीवरच, मोठ्या स्नायूच्या खाली असतो आणि त्याची कंडरा खांद्यातील तीन हाडांमधल्या छिद्रातून वळून पंखाच्या हाडावर वरच्या बाजूने जोडलेली असते. आपल्या कोरडवाहू भागातील जुन्या विहिरींवर बैल धावेवरून खाली उतरत आणि चाकावरून गेलेल्या नाड्यामुळे मोट वर येई. येथेही खाली ओढल्याने वर उचलले जाते. कबुतरांच्या या कंडरा कापून केलेल्या प्रयोगांत त्यांना उंचावरून सोडल्यावर उडता आले, जमिनीवरून झेप मात्र घेता आली नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आता क्वचितच दिसणाऱ्या माळढोकाच्या नराचे वजन 15 किलोपर्यंत जाते. एवढे वजन जमिनीवरून उचलायचे तर या स्नायूचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याच माळावरच्या काळविटाने दुसरी सोय केली आहे: जड स्नायू धडाजवळ, आणि खाली खुरांपर्यंत हलके हाड व लांब, लवचीक कंडरा, म्हणजे प्रत्येक झेपेला हलवायचे वजन कमी.

हाडेच नसतील तर ओढायचे कशाला? पावसाळ्यात आपल्या काळ्या रानात दिसणारे गांडूळ आतल्या द्रवाचा आधार घेते. गोलाकार स्नायू आवळले की दाबला न जाणारा तो द्रव त्याचे खंड लांब व बारीक करतो. उभे स्नायू आखडले की तेच खंड आखूड व जाड होतात, आणि अंगावरचे सूक्ष्म केस मातीत रुतून पकड देतात. कोळ्याने दोन्ही युक्त्या एकत्र केल्या आहेत. त्याच्या पायाच्या मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. पाय पसरण्यासाठी तो शरीरातील द्रवाचा दाब वाढवतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाकडे आकसलेले असतात, ते दाब गेल्यामुळे.

हा नियम स्नायूंचा आहे, सगळ्या सजीवांचा नाही. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूला स्नायू नाहीत. त्याच्या शेपटांच्या मुळाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरणारी, सेकंदाला शंभरहून अधिक फेरे घेणारी चक्रे आहेत. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरली की शेपटे एकत्र गुंफून जीवाणूला मागून खरोखरच ढकलतात, आणि एखादे उलटे फिरले की गुंफण सुटून तो जागीच कोलांट्या घेत दिशा बदलतो.